गैरव्यवहार कळवणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला कायदा कुठे सावरतो आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राज्य शासनाच्या एका कार्यालयात लेखा शाखेत काम करणाऱ्या कनिष्ठ लिपिकाच्या लक्षात आले आहे की, रस्त्याच्या एकाच दुरुस्तीचे देयक दोन वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (खर्चाच्या खात्यांखाली) निघत आहे. दुसऱ्या देयकासोबतच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदी पहिल्या देयकावरून जशाच्या तशा उतरवलेल्या दिसतात आणि वरिष्ठ मात्र ‘सही करून पुढे पाठवा’ असे तोंडी सांगत आहेत. या लिपिकाने पत्रातून तीन गोष्टी विचारल्या आहेत. २०१४ च्या जागल्या (व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरव्यवहार उघड करणारा) संरक्षण कायद्याखाली आपले नाव गुप्त राहील का, निनावी अर्ज चालेल का, आणि पत्रकार मित्राकडे कागद दिले तर नोकरीवर काय परिणाम होईल?

मी गेली २२ वर्षे कोल्हापुरात सेवाविषयक प्रकरणे चालवतो. या काळात असा प्रश्न घेऊन आलेल्या बहुतेकांना खरे तर वेगळेच काही विचारायचे असते. कायदा आहे की नाही, यापेक्षा तक्रार केल्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर कोणता कागद येईल आणि तो मला कुठे अडवता येईल, ही त्यांची चिंता असते. त्यामुळे कायद्याबद्दल आधी थोडे सांगून मी याच चिंतेवर अधिक लिहिणार आहे.

व्हिसलब्लोअर संरक्षण अधिनियम संसदेने केला, राष्ट्रपतींनी त्यास मे २०१४ मध्ये संमतीही दिली. मात्र तो अंमलात आणण्याची अधिसूचना केंद्र शासनाने काढलेली नाही. तो लागू असता तर तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, झालेली कारवाई तक्रारीचा सूड म्हणून केलेली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे कार्यालयावर पडले असते. सेवेच्या प्रकरणांत हे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे यावर निम्मा निकाल ठरतो, म्हणून ही तरतूद कागदावरच राहिल्याची खंत मला इतर सर्व तरतुदींपेक्षा जास्त वाटते. २०१५ मध्ये आलेले दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि पुढे लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. आजच्या घडीला तुमच्या वकिलाने या कायद्याच्या आधारे अर्ज लिहून दिला, तर तो पहिल्याच तारखेला उघडा पडेल.

दुसरी व्यवस्था २१ एप्रिल २००४ च्या केंद्र शासनाच्या ठरावाची आहे. तिच्यामागे सत्येंद्र दुबे या अभियंत्याचा मृत्यू आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते, आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंतीही केली होती. ते नाव फिरत राहिले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. या ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते, पाकिटावर नाव लिहायचे नसते आणि आतल्या पत्रात मात्र ते द्यावे लागते. परंतु ही सोय केंद्र शासनाचे कर्मचारी, केंद्रीय उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्याबद्दलच्या तक्रारींपुरती आहे. तुमच्या शेजारी राहणारा टपाल खात्यातील किंवा बँकेतील माणूस आपल्या कार्यालयाबद्दल ती वापरू शकतो. तुमची तक्रार राज्य शासनाच्या कार्यालयाबद्दल असल्यामुळे ती तुम्हाला वापरता येत नाही.

जागल्या हा शब्द जुन्या गावगाड्यातला. रात्री पहारा देणाऱ्या त्या माणसाला गावानेच नेमलेले असे आणि त्याच्या आरोळीमागे गाव उभे राहत असे. तुम्हाला तसे कोणी नेमलेले नाही, हे धरूनच पुढची पावले टाकावी लागतील. याचा अर्थ तुम्ही निराधार आहात असा नाही. एकच मोठी ढाल नसली तरी सेवानियमांमध्ये लहान लहान आडोसे आहेत, आणि तुम्ही तक्रार कोणत्या क्रमाने व कोणत्या मार्गाने केली यावर ते उपयोगी पडतील की नाही हे ठरते.

सर्वांत आधी एक प्रतिप्रश्न. ते दुसरे देयक अजून तुमच्या टेबलावर आहे की मंजूर होऊन रक्कम गेली आहे? टेबलावर असेल तर तुमची पहिली तक्रार ही तक्रार नसून नस्तीवरील (फाइलवरील) टिप्पणी आहे. ‘सदर कामाचे देयक अमुक लेखाशीर्षाखाली अमुक दिनांकास अदा झाल्याचे नोंदवहीवरून दिसते, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी तपासून आदेश व्हावेत’ असे दोन ओळींत, कोणावरही आरोप न करता, तारखेसह लिहा आणि नस्ती वर पाठवा. हे लिहिणे तुमचे कर्तव्यच आहे. त्यासाठी कोणी तुम्हाला शिस्तभंगाची नोटीस काढली तर ती नोटीसच तुमच्या बाजूचा पुरावा होईल. ई-ऑफिसवर नस्ती असेल तर वेळ आपोआप नोंदली जाते; कागदी नस्ती असेल तर टिप्पणी बाजूचे ते पान पुढे गहाळ होऊ शकते, म्हणून नस्ती कोणत्या दिवशी वर गेली त्याची हालचाल नोंदवहीत नोंद करून घ्या.

तोंडी आदेशाचे काय करायचे, याचे उत्तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील तिसऱ्या नियमातच आहे. वरिष्ठाच्या निदेशानुसार वागायचे असेल तर तो निदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते शक्य नसल्यास नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी, असे तो नियम सांगतो. सर्वोच्च न्यायालयानेही टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात ऑक्टोबर २०१३ मध्ये तोंडी आदेशांवर चालणाऱ्या कारभाराबद्दल असेच कडक बोल सुनावले आहेत. तेव्हा ‘साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे कार्यवाही करण्यापूर्वी लेखी आदेश मिळावेत’ असे नम्र टिपण ठेवा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा गोष्ट इथेच थांबते, कारण तोंडाने सांगणारा माणूस लिहून देत नाही.

देयकावर सही आधीच झाली असेल तर स्थिती अवघड आहे. अपहाराच्या प्रकरणात तपास सुरू होतो तो सर्वांत खालच्या सहीपासून, आणि लिपिक साक्षीदार ठरणार की सहआरोपी, हे पुष्कळदा त्याने कधी तोंड उघडले यावर अवलंबून राहते. सही होऊन गेली असेल तर तुमच्या वकिलाला ते सर्वांत आधी सांगा. ही एक गोष्ट लपवून बाकी सारे सांगणारे पक्षकार मी पाहिले आहेत, आणि ती गोष्ट विरुद्ध बाजूने मांडली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता पत्रकार मित्राचा प्रश्न. या बाबतीत माझे मत ठाम आहे आणि अनेकांना ते भेकडपणाचे वाटते. काक्रापार अणुऊर्जा प्रकल्पातील मनोज मिश्रा या कर्मचाऱ्याने १९९४ मधील पुरानंतर प्रकल्पाच्या सुरक्षिततेबद्दलची माहिती वृत्तपत्राला कळवली. त्याला सेवेतून काढण्यात आले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. वरिष्ठांकडे किंवा सक्षम यंत्रणेकडे न जाता थेट वृत्तपत्राकडे गेल्यामुळे त्याला जागल्याचा दर्जा देण्यास न्यायालयाने नकार दिला. माझ्याकडेही असे एक प्रकरण होते. एका पक्षकाराने आख्खी नस्ती झेरॉक्स करून बातमीदाराच्या हातात दिली. बातमी खरी होती, कार्यालयाने ती नाकारलीही नाही. दोषारोपपत्रात बातमीबद्दल एक अक्षर नव्हते, फक्त ‘शासकीय माहिती अनधिकृतपणे पुरविली’ एवढाच आरोप होता आणि त्यावर आमच्याकडे बचाव नव्हता. गैरव्यवहाराची चौकशी नंतर झाली की नाही हे मला कळले नाही, पण माझ्या पक्षकाराच्या वेतनवाढी गेल्या.

मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये पाटबंधारे प्रकल्पांबद्दल पत्रे लिहून एवढे वादळ उठवलेच ना, असे कोणी म्हणेल. त्यांनीही ती पत्रे लिहिली होती मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना. शिवाय मुख्य अभियंत्याच्या पत्राला जे वजन येते ते कनिष्ठ लिपिकाच्या पत्राला येत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

कागद मग मिळवायचे कसे? तुमच्या रोजच्या कामात जे कागद तुमच्या हाताखालून जातात त्यांचे क्रमांक, दिनांक आणि रकमा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा; मूळ कागद घरी नेऊ नका. प्रती हव्या असतील तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत मजकूर आणि तीस दिवसांची मुदत हे तुम्हाला ठाऊक असेलच. कर्मचारी म्हणून नव्हे तर नागरिक म्हणून तुम्ही स्वतःच्या कार्यालयाकडेही अर्ज करू शकता. अर्थात अर्ज करताच तुमचे नाव जन माहिती अधिकाऱ्याला कळते, आणि तो बहुधा शेजारच्याच खोलीत बसतो. तरीही माहिती अधिकारात मिळालेली साक्षांकित प्रत पुढे कोणी चोरीची म्हणू शकत नाही, म्हणून उशीर झाला तरी मी तोच मार्ग सुचवतो.

निनावी अर्जाबद्दल एवढेच सांगतो की, पुरावा सोबत नसेल तर तो बहुधा नस्तीबद्ध होतो, म्हणजे कारवाईविना बंद केला जातो, आणि सोबत असेल तर तो कागद कोणाच्या टेबलावरून गेला हे पाच माणसांच्या कार्यालयात संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. म्हणजे नाव न देण्याचा फायदा मिळत नाही, आणि ‘मी अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्याला कळवले होते’ असे पुढे सांगण्याचा हक्क मात्र जातो. सूडाची कारवाई दाखवायची तर आधी तक्रार दाखवावी लागते, आणि निनावी माणसाला ती दाखवता येत नाही.

नाव देऊन, पण गोपनीय ठेवण्याची विनंती करून, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाता येते. कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर १०६४ वर कळवून सापळा लावण्याचे काम तुलनेने लवकर होते. तुमचे प्रकरण मात्र खोट्या देयकाचे आहे. त्यात आधी गुप्त आणि मग उघड चौकशी होते, अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाबाबत भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १७अ खाली पूर्वमान्यता लागू शकते, आणि यात महिनेच्या महिने जातात. या काळात कोणी माहिती अधिकारात तुमचे नाव मागितले तर माहिती देणाऱ्याचा स्रोत उघड होईल अशी माहिती नाकारण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. तक्रार मोघम असू नये. ‘या कार्यालयात सगळे खातात’ असे लिहिण्यापेक्षा एक काम, दोन देयके, दोन तारखा आणि दोन रकमा लिहा. सद्भावनेने, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे केलेला आरोप हा अब्रुनुकसानीच्या गुन्ह्याला अपवाद आहे. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलात तर हा अपवाद तुमच्या उपयोगी पडेल याची खात्री देता येत नाही.

आणि एक विनंती: आमदारांचे किंवा नगरसेवकांचे पत्र जोडू नका. आपल्याकडे ओळख काढण्याची सवय जुनी आहे, पण सेवाविषयक बाबतीत राजकीय दबाव आणणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे, आणि ते पत्र तुमच्याच विरुद्ध वापरलेले मी पाहिले आहे.

तक्रारीनंतर काय येऊ शकते? बहुतेक वेळा पहिली येते ती बदली. इथे महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा अधिनियम तुमच्या कामाचा आहे, आणि सेवेतील फार थोड्या लोकांनी तो शेवटपर्यंत वाचलेला असतो. सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. मंत्रालयाबाहेरील गट ‘क’ (लिपिक याच गटात येतात) कर्मचाऱ्याची एका कार्यालयातून बदली दोन पूर्ण कार्यकाळांनंतर, म्हणजे सहा वर्षांनी, अपेक्षित आहे. बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असतात. त्याआधी किंवा मध्येच बदली करायची असेल तर विशेष कारणे लेखी नोंदवून लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच शब्द असतील तर मी आधी ती पूर्वमान्यतेची नस्ती मागवतो. एका लिपिकाच्या प्रकरणात मान्यतेची सही बदली आदेशाच्या चार दिवसांनंतरची निघाली आणि आदेश रद्द झाला. तक्रार खरी होती की खोटी, हा मुद्दा न्यायाधिकरणासमोर आलाच नाही.

यातून मी शिकलेली गोष्ट अशी की, वरिष्ठाचा आकस सिद्ध करण्याच्या मागे लागू नये. आकसाचा आरोप करायचा तर त्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः प्रतिवादी करावे लागते, ठोस तपशील द्यावे लागतात आणि तरीही तो क्वचितच मान्य होतो. नियमभंग मात्र कागदावरून दिसतो. शिक्षेऐवजी म्हणून केलेली बदली टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सोमेश तिवारी प्रकरणात सांगितले आहे. तो निवाडा मी जोडतो, पण मुद्दा क्रमांक दोन म्हणून. बदलीच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची असते. तुम्हाला कार्यमुक्त करून तुमच्या जागी दुसरा माणूस रुजू झाला की स्थगिती मिळणे कठीण जाते, म्हणून आदेश हाती पडला त्याच दिवशी हालचाल करा.

दुसरी पायरी निलंबनाची. निलंबन ही शिक्षा नसते, त्यामुळे त्याआधी तुमचे म्हणणे ऐकले जात नाही. अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मात्र मिळतो. अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, आणि त्यानुसार राज्य शासनाने ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णयही काढला. नव्वदावा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा.

विभागीय चौकशी लागलीच तर दोषारोपातील प्रत्येक कागदाची प्रत मागा, बचाव सहायक (चौकशीत तुमची बाजू मांडणारा) घ्या आणि एकाही तारखेला गैरहजर राहू नका. गोपनीय अहवालात शेरा खाली आला असेल तर तो तुम्हाला कळवणे बंधनकारक आहे. २००८ च्या देव दत्त निवाड्यापासून केवळ प्रतिकूल नव्हे तर प्रत्येक नोंद कळवावी लागते. मुदतीत अभिवेदन (लेखी म्हणणे) द्या, बाकी वाद घालू नका.

दाद कुठे मागायची, याबद्दल सध्या कोल्हापुरात बराच गोंधळ आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले, आणि त्यामुळे आता सगळेच इथे दाखल होते असा समज पसरला आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला मात्र आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडेच जावे लागते, आणि आपल्या जिल्ह्यासाठी ते मुंबईत आहे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन सकाळी तारीख करायची ही आमची जुनी पद्धत तेवढ्यापुरती चालूच आहे. मॅटच्या निकालाविरुद्ध मात्र आता इथल्याच बेंचपुढे जाता येते. तुम्ही जिल्हा परिषदेचे कर्मचारी असता तर गोष्ट उलटी होती: मॅटला तुमच्यावर अधिकारक्षेत्र नसते, शिस्तभंगाचे नियम वेगळे असतात आणि विभागीय अपिलानंतर थेट उच्च न्यायालयाचा मार्ग असतो. महापालिकेतील कामगार वर्गासाठी औद्योगिक न्यायालयही असते. म्हणून सल्ला घ्यायला जाताना नियुक्ती आदेश सोबत न्या. कोणत्या दारात जायचे हे त्यावरून ठरते.

मॅटची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची आहे. अपील किंवा अभिवेदन केले आणि सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर वर्ष मोजले जाते. पुन्हा पुन्हा निवेदने देऊन ही मुदत वाढत नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी एका पक्षकाराला तीन स्मरणपत्रे पाठवू दिली, वर्ष उलटले आणि विलंबमाफीच्या अर्जातच आमचे निम्मे बळ गेले. ती चूक माझी होती.

जिवाला धोका असेल तर गोष्ट सेवानियमांच्या पलीकडची आहे. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. तरीही ठेकेदाराकडून धमकी आली तर ती त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या. गुन्हा दाखल होऊन तुम्ही साक्षीदार ठरलात, तर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. योजना गंभीर गुन्ह्यांपुरती आहे, म्हणून प्रथम खबरीत (एफआयआरमध्ये) कोणती कलमे लागली हे पाहूनच तो अर्ज करावा.

तुमच्याबद्दल दोन गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यांवर बरेच काही अवलंबून आहे: सध्याच्या कार्यालयात तुम्ही कोणत्या दिनांकास रुजू झालात, आणि त्या देयकावर तुमची सही झाली आहे का. पहिल्यावरून बदलीचा बचाव ठरेल, दुसऱ्यावरून बाकी सगळे. सही झाली नसेल आणि देयक अजून टेबलावर असेल, तर वकिलाची वेळ ठरवण्याआधी, उद्या सकाळी कार्यालयात गेल्यावर पहिले काम म्हणून ती दोन ओळींची टिप्पणी लिहून नस्ती वर पाठवा.